शंभराच्या पुढचे युनिट

वीजबिलाची मागची बाजू वाचणारा माणूस मला क्वचितच भेटतो. पुढच्या बाजूवरचा आकडा सगळेच वाचतात, मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहतात. त्यावरून घरात एकदोन दिवस कुरबुर होते, दिवाणखान्यातले दिवे काही काळ वेळेवर मालवले जातात, आणि मग पुढचे बिल येईपर्यंत सारे शांत. मी पस्तीसएक वर्षे बँकेत काढली. बेरजेखालचा आकडा बघून समाधान मानण्याची मुभा तिथे नसते. तो आकडा कुठून आला हे पाहावे लागते. त्या खोडीपायी निवृत्तीनंतर मी आमची आणि शेजारपाजारची बरीच वीजबिले उलटीपालटी करून वाचली, आणि घरातली विजेची काटकसर हा विषय आपण समजतो तितका साधा नाही, अशा मतावर आलो.

आधी हिशेब. महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा वापर चार पायऱ्यांत मोजला जातो. पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंतची, मग ५०० पर्यंतची, आणि त्यापुढची. प्रत्येक पायरीचा दर वेगळा. २०२४-२५ साली हे दर अनुक्रमे ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे, १४ रुपये ५५ पैसे आणि १६ रुपये ६४ पैसे असे होते. त्यावर युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि साऱ्यावर १६ टक्के वीजशुल्क. इंधन समायोजनाचा कमीजास्त होणारा आकार तूर्त बाजूला ठेवू. तर त्या वर्षी शंभरावे युनिट ग्राहकाला ६ रुपये ८२ पैशांना पडत होते आणि एकशेएकावे १३ रुपये २९ पैशांना. तीनशेएकाव्याचे १८ रुपये २४ पैसे. दर पुढे बदलले आणि बदलत राहतील. पायऱ्यांची घडण तीच आहे.

यातून निघणारी गोष्ट अगदी सरळ आहे. आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या टोकाचे, म्हणजे सर्वांत महागाचे असते. ज्याच्या घरी ३२० युनिटे लागतात, त्याने वीस वाचवली तर त्याचे साडेतीनशेच्या वर रुपये वाचतात. ज्याच्या घरी ९० लागतात, त्याने तितकीच वीस वाचवली तर एकशेछत्तीस. मेहनत तीच, अंधारही तेवढाच सोसलेला. ‘वीज वाचवा’ ही पाटी दोघांच्याही समोर एकाच अक्षरात लिहिलेली असते, मोबदला मात्र ज्याचा त्याचा वेगळा.

आता वाचवायचे म्हणजे काय? मध्यमवर्गीय घरात या प्रश्नाचे उत्तर पिढ्यानुपिढ्या एकच: दिवे मालवा. माझ्या वडिलांच्या काळात ते बरोबरही होते. साठाचा एक बल्ब, माजघरात चाळीसचा, रात्री ‘शून्याचा’. (हा शून्याचा बल्ब म्हणजे एक गोड गैरसमज होता. तो बारा ते पंधरा वॅट वीज खात असे. शून्य होता तो त्याचा उजेड.) वीज म्हणजेच दिवे, म्हणून घरातली माणसे आजही ‘लाइटबिल’ म्हणतात. पण आज नऊ वॅटचा एलईडी बल्ब त्या साठाच्या बल्बाइतका प्रकाश देतो, तांब्याच्या चोकची पन्नासेक वॅट खाणारी ट्यूब जाऊन अठरा-वीस वॅटची पट्टी आली आहे. खोलीत कोणी नसताना एलईडी तासभर चालू राहिला तर एका युनिटाचा शंभरावा भागही जळत नाही. मिक्सर पाच मिनिटे घरघरतो तेव्हा सून उधळी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शांतपणे गुणाकार करावा: पाऊणशे पैशांचा प्रश्न आहे. मोबाइलच्या चार्जरवरून मुलांना बोलणे तर अगदीच व्यर्थ.

बिल वाढते ते गप्प बसून चालणाऱ्या यंत्रांनी. जुना पंखा पंच्याहत्तर वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचे पंधरा तास फिरतो. एका पंख्याची महिन्याला चौतीस युनिटे झाली. त्यातून जुना डबीसारखा मोठा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्याने फारसे काही वाचत नाही, वारा कमी होतो आणि डबी तापते. फ्रिज चोवीस तास जागा असतो. टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स आपण रिमोटने बंद केला असे समजतो, पण तो नुसता डुलकी घेत असतो. दहा वॅटने धरले तरी महिन्याला सात युनिटे. जुना दीड टनी एसी तासाला दीड युनिटाच्या आसपास गिळतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाप्रमाणे त्याचे तापमान एक अंशाने वर ठेवले की सहा टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे यंत्र सुरू होताना आपसूक चोवीस अंशांवर येते. तरीही अठरावर लावून अंगावर रजई घेणारे आहेतच.

आंघोळीचे पाणी हा निराळा मामला आहे. अठरा लिटरची बादली पंचवीस अंशांवरून चाळीसवर न्यायला एका युनिटाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कोणत्याही कंपनीला सूट मागता येत नाही. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला जवळजवळ चाळीस युनिटे, थंडीत पन्नास. पाचतारांकित गीझर टाकीतून निसटणारी उष्णता थोडी अडवील, पण बादलीला लागणारी उष्णता कमी करू शकणार नाही. म्हणून ज्यांना गच्चीवर सौर बंब बसवता येतो त्यांनी तो बसवावा. ज्यांना येत नाही त्यांनी गीझर आंघोळीच्या आधी दहा-पंधरा मिनिटे लावून बंद करावा आणि बाकी खंत करू नये.

हे सगळे कोणाला पडताळायचे असेल तर महागडे उपकरण लागत नाही. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होते हे मीटरवरच छापलेले असते. घरातले सगळे बंद करून एकटा फ्रिज चालू ठेवा आणि मोजा. ‘नवे मीटर पळते’ ही तक्रारही आधी अशीच तपासावी: सारे बंद असताना दिवा लुकलुकतो का? नव्या फ्रिजच्या लेबलावर तर वर्षाची युनिटे छापलेलीच असतात, त्यांना बाराने भागायचे. फक्त तारे मोजताना लेबलावरचे वर्ष पाहा. ही तारांकन पद्धत २००६ साली सुरू झाली आणि कसोटी वेळोवेळी कडक होत गेली. दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या मापाने तीनवरही भरणार नाहीत. आणखी एक, खास बँकवाल्याचे: मीटरचे रीडिंग एखादा महिना चुकले आणि दोन महिन्यांचे एकदम आले, तर पायऱ्या दोन महिन्यांवर वाटून लावल्या आहेत का ते बघा. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीनंतर एकत्रित बिले आली तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, त्यात निम्मा गोंधळ हा हिशेब ग्राहकाला कोणी समजावून न सांगण्याचा होता.

इथवर लेखाला ‘गृहिणींसाठी सूचना’ असे म्हणता येईल. मला पुढचे महत्त्वाचे वाटते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत भाड्याने राहतात. घरात तीन माणसे. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही, एक जुना फ्रिज. एसी नाही, गीझर नाही, पाणी गॅसवर. त्यांचा वापर महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटांचा, म्हणजे सर्वांत स्वस्त पायरीवरचा. पण बिल त्यांच्या नावावर नाही. घरमालकाने आठ खोल्यांना आठ सबमीटर लावले आहेत आणि तो युनिटामागे सरसकट बारा रुपये घेतो. मी त्याला लुबाडणारा म्हणणार होतो, पण त्याचे बिल पाहिल्यावर जीभ आवरली. आठ खोल्यांचा वापर त्याच्या एकाच मीटरवर पडतो, तो पाचशेच्या पायरीच्याही वर जातो, आणि तिथल्या युनिटाचा त्याला पडणारा दर बाराच्या बराच पुढे आहे. कायद्याच्या नजरेत त्या आठ बिऱ्हाडांचे मिळून एक श्रीमंत घर झालेले आहे. गरिबासाठी म्हणून ठेवलेली पहिल्या शंभर युनिटांची सवलत गरिबाच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. ती माझ्यासारख्या पेन्शनरला मात्र दर महिन्याला बिनबोभाट मिळते.

पायऱ्या मीटर मोजतात, माणसे मोजत नाहीत. सात माणसांच्या एकत्र कुटुंबाला २१० युनिटे लागली, म्हणजे माणशी तीस, तर २०२४-२५ च्या दराने त्यांना युनिट सरासरी १० रुपये २१ पैशांना पडले. शेजारी एकटा राहून पंचाण्णव युनिटे वापरणाऱ्याला ६ रुपये ८२ पैशांना. त्याच कुटुंबाने दोन मीटर घेतले असते तर स्थिर आकार दोनदा भरूनही महिन्याला पाचशेच्या आसपास रुपये वाचले असते. खेड्यापाड्यांत आणि आता शहरांतही दोन भावांची चूल वेगळी झाली की पहिल्यांदा रेशनकार्ड वेगळे होई, आता मीटर वेगळे होते. काही घरांत चूल एकच आणि मीटर दोन अशीही व्यवस्था आहे. कादंबरीकार म्हणून मला त्यात रस आहे. धोरण म्हणून ते हसण्यासारखे नाही. दिल्लीत २०१९ पासून दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट आहे. जिथे अशी रेघ ओढली जाते तिथे माणसे रेघेच्या आत मावण्याची युक्ती शोधतात. ज्याला युक्ती परवडत नाही तो रेघेबाहेर राहतो.

मावशींकडे परत येतो. त्यांच्याकडचा पंखा खडखडणारा, पंच्याहत्तर वॅटचा. आज तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देणारे पंखे मिळतात, अडीच ते तीन हजारांना. पंधरा तासांच्या हिशेबाने महिन्याला वीस युनिटे वाचतात. माझ्या भाषेत सांगायचे तर मावशींच्या बारा रुपये दराने हे महिन्याला दोनशे चाळीस रुपये झाले. पंखा जेमतेम वर्षभर फिरला तर मुद्दल वसूल. वर्षाला शंभर टक्क्यांच्या घरात परतावा देणारी दुसरी कोणतीही सुरक्षित गुंतवणूक मी नोकरीत पाहिली नाही. मग मावशी ती का करत नाहीत? कारण एकरकमी तीन हजार त्यांच्याकडे कधीच मोकळे नसतात. असले तर शाळेच्या फीला जातात. त्यांना एवढे कर्ज द्यायला बँकेकडे अर्जाचा नमुनाही नाही. मी टीव्ही-फ्रिजसाठी शेकडो कर्जे मंजूर केली, पण पगाराची पावती आणि जामीनदार पाहूनच. ज्या घराला वीज वाचवण्याची सर्वांत जास्त गरज, त्या घरात वीज वाचवणारे यंत्र सर्वांत शेवटी पोचते, आणि तोवर त्या घराला काटकसरीचा उपदेश होत राहतो. माझ्या शेजाऱ्याने मात्र चारही पंखे एका रविवारी बदलले.

हे बदलता येते, याचा पुरावा बल्बच आहे. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्बची किंमत २०१४ च्या सुरुवातीला सुमारे ३१० रुपये होती. तीन वर्षांत ती ३८ रुपयांवर आली. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. सक्ती नव्हती, मोठी सबसिडी नव्हती. एकाच खरेदीदाराने कोट्यवधींची मागणी एकत्र केली आणि किंमत कोसळली. अनेक ठिकाणी पैसे बिलातून हप्त्याने फेडण्याची सोयही होती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातला हप्ता जास्त मोलाचा वाटतो, कारण बचत ज्या कागदावर दिसते त्याच कागदावर हप्ता कापला जातो. पंख्यांसाठीही २०२३ च्या नोव्हेंबरात एक कोटींचा कार्यक्रम जाहीर झाला. पण बल्बाची ती लाट जशी पानाच्या टपरीपर्यंत पोचली होती, तशी पंख्यांची लाट माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही.

दरम्यान प्रश्नच बदलू लागला आहे. किती वीज वापरता यापेक्षा कधी वापरता, याकडे दर वळत आहेत. कारण समजण्यासारखे आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळला की सगळी घरे एकदम जागी होतात. तेव्हा कोयनेचे पाणी सोडावे लागते, चंद्रपूरचा कोळसा जाळावा लागतो. म्हणून १ जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे वेळेनुसार नोंद ठेवणारे मीटर आहे अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. या मीटरांविषयी लोकांत संशय आहे, आणि आधी पैसे भरून मग वीज देणाऱ्या प्रीपेड मीटरांची योजना २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांपुरती मागे घ्यावी लागली, त्याची सावली या नव्या मीटरांवर आहेच. पण मीटर प्रामाणिक आहे असे धरून चालू आणि सवलतीचा हिशेब मांडू.

नऊ ते पाच घरी कोण असते? मी असतो. माझ्यासारखे सेवानिवृत्त असतात. धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे दुपारकडे ढकलली तर दिवसाला दीड युनिट हलते, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त पंचेचाळीस रुपये. तेवढ्यासाठी घरातल्या बाईने आपला दिवस उलटासुलटा करावा का, हे तिला विचारून ठरवावे. अशा योजनांच्या जाहिरातींत यंत्राचे बटण नेहमी तीच दाबताना दाखवतात. नोकरी करणाऱ्या जोडप्याची आंघोळ, इस्त्री, स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकते आणि उरलेले संध्याकाळी सातनंतर. रात्रीचा पंखा तर कोणालाच दुपारकडे ढकलता येत नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्याचे वेगळे. २०२४ च्या ‘सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे, आणि तेवढी पॅनेले महिन्याला तीनसाडेतीनशे युनिटे सहज देतात. ज्याचे बिल वरच्या पायऱ्यांवर आहे आणि छत स्वतःच्या मालकीचे आहे, त्याला मी डोळे मिटून कर्ज मंजूर केले असते. सोसायटीत राहणाऱ्यांनी निदान जिना, लिफ्ट आणि पंपाच्या विजेपुरता हा विषय वार्षिक सभेत आणावा, गच्ची कोणाची या वादात आणखी पाच वर्षे घालवण्यापेक्षा. मावशी मात्र सकाळी साडेआठला खोलीला कुलूप लावून निघतात आणि सहाला परततात. सवलतीच्या आठ तासांत त्यांच्याकडे चालू असतो तो एकटा फ्रिज, आणि सवलत मिळालीच तर ती घरमालकाच्या मीटरला.

वीजदर आभाळातून पडत नाहीत. महाराष्ट्रात ते १९९९ साली स्थापन झालेला वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते, जिथे कोणीही नागरिक हरकत लेखी देऊ शकतो आणि उभा राहून बोलूही शकतो. या सुनावण्या म्हणजे उपचार, असे म्हणणाऱ्यांना २००० च्या आसपासचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. तोवर वीज मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत होते. पहिल्याच दरनिश्चितीत, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आणि ग्राहकांनी आकडे लावून धरले तेव्हा, ती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. चोरीची वीज शेतीपंपांच्या नावावर खपवली जात होती. घरोघर दिवे मालवून जे कधीच वाचले नसते, ते त्या एका प्रश्नाने बाहेर आणले. सबमीटरवरच्या भाडेकरूला पहिल्या शंभर युनिटांचा दर कसा मिळेल, एका मीटरवरची माणसे मोजता येतील का, पंख्याचा हप्ता बिलातून का घेऊ नये, हे तिथे विचारण्याजोगे प्रश्न आहेत. उद्योगांचे वकील तिथे नेमाने हजर असतात. हरकत पाठवण्याची मुदत वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत बारीक टाइपात छापलेली असते, बहुधा निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मध्ये कुठेतरी.